रक्तदाब नीट मोजा, गोळी खंडू देऊ नका
(ज्येष्ठ नागरिक संघाचे मागणीपत्र)

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी
मा. जिल्हा शल्यचिकित्सक
मा. सहायक आयुक्त, समाजकल्याण

विषय: साठीपुढील नागरिकांचा उच्च रक्तदाब आणि वरचेवर उद्भवणाऱ्या किरकोळ तक्रारी यांसाठी गावातच मिळावयाच्या सेवेबाबत.

महोदय / महोदया,

या पत्रात आम्ही नवे रुग्णालय मागत नाही. गावात उपकेंद्र आहे, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, वाडीत आशाताई आहेत, तालुक्याला ग्रामीण रुग्णालय आहे. एवढ्यावर आमचे बरेचसे भागू शकते. आमचे मागणे असे आहे की रक्तदाब योग्य रीतीने मोजला जावा, गोळीत खंड पडू नये आणि रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला तर थांबावे की धावावे हे सांगणारे जाणते माणूस फोनवर मिळावे. यातले बहुतेक शासनाने वेगवेगळ्या कागदांवर आधीच मान्य केलेले आहे. ते सगळे एका म्हाताऱ्या माणसाच्या दारात एकत्र पोचत नाही, ही आमची अडचण.

आम्ही तळकोकणातले. घरे वाड्यावाड्यांत विखुरलेली. मुले-सुना मुंबई, पुणे, गोव्यात. गिरणीत उमेदीची वर्षे घालवून परत आलेले, निवृत्त शिक्षक, पोस्टमन, शेतकरी, आणि घर-परडे सांभाळत म्हातारपणाला पोचलेल्या बायका असे आम्ही सदस्य आहोत. बऱ्याच घरांत दोघेच राहतात, काही घरांत एकच. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर जे मोठे सर्वेक्षण केले, त्यात साठीपुढच्या जवळजवळ दर तिघांतल्या एकाने आपल्याला उच्च रक्तदाब असल्याचे डॉक्टरांनी सांगितल्याची नोंद आहे. ज्यांनी कधी मोजलाच नाही ते या हिशेबाबाहेर राहिले. आमच्या मासिक सभेत प्रकृतीचा विषय निघाला की बीपीची गोळी न घेणारा सदस्य शोधावा लागतो.

दोन घटना सांगतो. आमच्या सगळ्या मागण्या त्यांच्यातूनच आल्या आहेत.

एका सदस्याला पावसाळ्यात, रात्री अंथरुणात कुशीवर वळताना घर गरगर फिरल्यासारखे झाले. ओकारी आली, घाम फुटला. शेजाऱ्याने यंत्र आणून लावले, तर वरचा आकडा १९०. मुंबईला मुलाला फोन, मुलाचा गावातल्या मित्राला फोन, गाडी, घाटरस्ता, शहरातले खासगी रुग्णालय, अतिदक्षता विभाग. अखेरीस निदान निघाले ते कानातल्या तोलाच्या बिघाडाचे. कूस बदलताना किंवा मान वर करताना येणारी ही चक्कर म्हातारपणी फार आढळते. ओळखू येणारे डॉक्टर रुग्णाचे डोके ठरावीक पद्धतीने वळवून ती अनेकदा बसल्या जागी घालवतात. रक्तदाब वाढला होता तो बऱ्याच अंशी भीतीने आणि ओकाऱ्यांनी. पण त्या वर्षीचे काजूचे पैसे बिलात गेले, आणि गृहस्थ आजही एकटे न्हाणीत जायला कचरतात.

दुसऱ्या सदस्या, वय सत्तरीच्या आतले. सकाळी चहाचा पेला हातातून सुटला, बोलणे जड झाले, ओठाचा एक कोपरा खाली आला. पंधरा मिनिटांत सगळे पूर्ववत. कुणाला त्रास नको म्हणून त्यांनी दिवसभर कुणाला सांगितले नाही. सांगितले तेव्हा घरच्यांनीही पित्त म्हणून सोडून दिले. त्यांच्या बीपीच्या गोळ्या संपून काही आठवडे झाले होते. आठवड्याच्या आत त्यांना पक्षाघात झाला. पंधरा मिनिटांत ओसरलेला तो झटका ही मेंदूने दिलेली पूर्वसूचना होती. त्यांनी त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे होते.

पहिल्या घरात धावपळ झाली ती टाळता आली असती, दुसऱ्या घरात व्हायला हवी होती ती झाली नाही. दोन्ही घरांतली माणसे शहाणी आहेत, एकमेकांवर माया करणारी आहेत. त्या घडीला विचारायला त्यांच्यापाशी कुणी नव्हते.

मोजमाप

सुरुवात मोजण्यापासून करतो, कारण चुकीच्या आकड्यावर पुढचे सगळे चुकते. शिबिरात किंवा बाह्यरुग्ण विभागात आमचा रक्तदाब कसा मोजला जातो ते आपण एकदा येऊन पाहावे. माणूस चढण चढून, एस.टी.तून उतरून आलेला असतो. रांगेत उभा असतो. नंबर लागला की पाठ न टेकता स्टुलावर बसवतात, सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळतात, हात लोंबकळत असतो, आणि यंत्र फुगत असताना समोरचा विचारतो, ‘काय त्रास होतो?’ यातली प्रत्येक गोष्ट आकडा वर ढकलते. लघवीची भावना दाबून धरली असेल तरी आकडा चढतो. पट्टा दंडाला अपुरा असेल तरी चढतो. मग तेवढ्यावर गोळी वाढवली जाते आणि घरी गेल्यावर माणूस भोवळ येऊन पडतो.

म्हणून पहिली मागणी. प्रत्येक उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठ टेकायची खुर्ची, हात छातीच्या पातळीवर टेकेल असे टेबल, तपासून प्रमाणित केलेले डिजिटल यंत्र आणि दोन मापांचे पट्टे असावेत. यंत्राची वर्षातून एकदा तपासणी होऊन तिची तारीख यंत्रावर चिकटवलेली असावी. रुग्णाने पाच मिनिटे शांत बसावे. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको. पावले जमिनीवर, पायावर पाय नको. मोजताना बोलणे नको. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. हे नियम मोठ्या मराठी अक्षरांत भिंतीवर लावा, म्हणजे कर्मचारी घाईत असला तरी आम्हीच त्याला आठवण करून देऊ. ज्यांची नाडी अनियमित चालते त्यांच्या बाबतीत डिजिटल यंत्राचा भरवसा कमी होतो. त्यांना डॉक्टरांनी स्वतः तपासावे आणि तसे कार्डावर नोंदवावे.

याच मागणीचा दुसरा भाग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: साठीपुढच्या प्रत्येक रुग्णाचा रक्तदाब बसल्यावर आणि उभे राहिल्यावरही मोजावा. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला, तर तो रुग्ण पडण्याच्या वाटेवर आहे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, प्रोस्टेटच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या आणि चैत्र-वैशाखातला आमच्याकडचा घाम, या सगळ्यांनी ही घसरण वाढते. पहाटे लघवीला उठलेला माणूस न्हाणीच्या उंबऱ्यात पडतो, खुब्याचे हाड मोडते, आणि मग तो पूर्वीसारखा चालेल याची खात्री राहत नाही. त्याच्या कार्डावर मात्र ‘१३०/८०, समाधानकारक’ असे लिहिलेले असते. उभे राहून घेतलेला एक आकडा, लागणारा वेळ तीन मिनिटे. तो घेतला जात नाही, याला आम्हाला कोणतेही कारण दिसत नाही.

अजून एक समजूत मोडायला हवी. ‘वय अधिक शंभर’ एवढा रक्तदाब चालतो, असे आमच्या पिढीने ऐकले आणि अजूनही काही जण ते सांगतात. रक्तवाहिन्या ताठर होत गेल्या की वरचा आकडा वाढतो, खालचा तिथेच राहतो किंवा उतरतो. हे वयाने होते म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. ऐंशी ओलांडलेल्या लोकांवर झालेला आंतरराष्ट्रीय अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात रक्तदाबावर उपचार केल्याने हृदय निकामी होण्याचे प्रमाण आणि मृत्यूही कमी झाले. तेव्हा ‘आता या वयात कशाला’ हे वाक्य आम्हाला कुणी ऐकवू नये. किती खाली आणायचा हे प्रत्येकाच्या ताकदीवर, मूत्रपिंडावर, तोलावर ठरावे. ते डॉक्टरांनी ठरवावे, आणि ठरवलेला आकडा आमच्या कार्डावर लिहावा, जेणेकरून दुसऱ्या दवाखान्यात तो बदलायचा असेल तर तिथल्या डॉक्टरांनी विचार करून बदलावा.

गोळी

भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या नोव्हेंबरात सुरू झाला. पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे घेतले: भंडारा, सातारा, वर्धा आणि आपला सिंधुदुर्ग. या उपक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. त्याची सूत्रे साधी होती. मोजक्या औषधांची ठरलेली चढती पायरी, औषधांचा अखंड पुरवठा, घराजवळ गोळ्या मिळणे, डॉक्टर-परिचारिका-आशा यांनी मिळून काम करणे आणि कोण आले नाही याची नोंद ठेवून त्याला परत बोलावणे. आपल्या जिल्ह्याने यात पहिल्यापासून भाग घेतला, याचा आम्हाला अभिमान आहे. म्हणूनच या सूत्रांचा आग्रह धरण्याचा अधिकारही आमचा जास्त आहे.

अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन ही काही दुर्मीळ औषधे नाहीत, महागही नाहीत. तरीही कधी उपकेंद्रात पंधराच दिवसांच्या गोळ्या मिळतात, कधी ‘पुढच्या आठवड्यात या’ असे उत्तर मिळते. गुडघे धरलेल्या बाईला पुढच्या आठवड्यात पुन्हा येणे म्हणजे दोन साकव, एक चढण आणि रिक्षाचे पैसे. ती येत नाही. गोळी बंद होते. काही दिवस काहीच होत नाही, उलट पायावरची सूज उतरून बरे वाटते, आणि गोळीची गरजच नव्हती असे तिला वाटू लागते.

स्थिर रुग्णाला किमान ३० दिवसांच्या गोळ्या उपकेंद्रातच मिळाव्यात. पावसात वाट तुटणाऱ्या वाड्यांतील रुग्णांना मृग लागण्याच्या आत ९० दिवसांचा साठा घरपोच द्यावा. कोणत्या वाड्या तुटतात याची यादी आपत्ती व्यवस्थापनाकडे असते. तीच आरोग्य विभागाने घ्यावी. मुलाकडे मुंबईला काही महिने राहायला जाणाऱ्यांनाही तेवढाच साठा आणि औषधांची नावे, मात्रा लिहिलेली चिठ्ठी मिळावी. गणपतीत घर पाहुण्यांनी भरते, जागरणे होतात, फराळाचे चालते आणि गोळ्या विसरतात, म्हणून गणपतीआधी आशाताईंची एक फेरी व्हावी.

आता घरातल्या औषधांच्या पिशवीबद्दल. आमच्यापैकी पुष्कळांच्या घरी एकच औषध दोन नावांनी असते. सरकारी पाकिटावर मूळ नाव, खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कंपनीचे नाव. दोन्ही गोळ्या वेगळ्या रंगाच्या, म्हणून दोन्ही घेतल्या जातात. मग रक्तदाब नको तेवढा उतरतो आणि पाय सुजतात. सहा महिन्यांतून एकदा प्रत्येक ज्येष्ठ रुग्णाने घरातली सगळी औषधे, काढे, चूर्ण, मलमे पिशवीत भरून आणावीत आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी ती टेबलावर ओतून तपासावीत, गरज पडल्यास ई-संजीवनी या दूरसल्ला सेवेवरून डॉक्टरांना दाखवावीत. यात सर्वांत आधी पाहावे लागेल ते वेदनाशामकांकडे. गुडघेदुखीसाठी दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडाला इजा करतात. गुडघा दुखतो म्हणून ही गोळी, तिने बीपी वाढले म्हणून दुसरी गोळी, असे चक्र कित्येक घरांत चालू आहे. फक्त ‘वेदनाशामक घेऊ नका’ एवढे सांगून भागणार नाही. गुडघ्याचे व्यायाम शिकवणारे भौतिकोपचार तज्ज्ञ महिन्यातून एकदा तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात यावेत.

गोळी देताना दोन वाक्ये बोलावीत, हीही मागणीच समजावी. अम्लोडिपिनने घोट्याला सूज येऊ शकते, एनालाप्रिलसारख्या गोळ्यांनी कोरडा खोकला येऊ शकतो. असे झाले तर गोळी आपल्या मनाने थांबवू नका, येऊन सांगा, बदलून देऊ. एवढे ऐकले असते तर आमच्या कितीतरी सदस्यांनी गोळी टाकली नसती. एक आजी सभेत म्हणाल्या, ‘डॉक्टरान काय सांगल्यान नाय, नुसती गोळी दिल्यान.’ हे वाक्य त्यांनी रागाने म्हटले नव्हते. त्यांना तेच नेहमीचे वाटत होते, आणि आम्हाला त्याचेच वाईट वाटले.

घाबरल्यावर

म्हातारपणी शरीर रोज काहीतरी नवे दाखवते. छातीत धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, हाताला मुंग्या येतात, नाकाचा घोळणा फुटतो, जेवणानंतर छातीत जळजळते. प्रत्येक वेळी मनात पहिला विचार येतो तो शेवटाचा, आणि सोबत कुणी नसेल तर तो रात्रभर टिकतो. एकदा घाबरलेला माणूस मग दिवसातून अनेकदा यंत्र लावू लागतो, आकडा वाढलेला पाहून आणखी घाबरतो आणि त्याने आकडा आणखी वाढतो. हे त्याचे वेड समजू नये. त्याला वेळेवर नीट माहिती मिळाली नाही, म्हणून तो यंत्राला विचारत बसतो.

आरोग्य विभागाने एक पानाचे, मोठ्या टायपातले, भिंतीला लावता येईल असे पत्रक काढावे. त्यात ताबडतोब १०८ ला फोन करायची लक्षणे वेगळी असावीत: तोंड वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे (मिनिटांत बरे झाले तरीही), छातीवर दाब येऊन घाम फुटणे, बसल्या जागी धाप लागणे, अचानक दिसेनासे होणे, शुद्ध हरपणे. उद्या-परवा डॉक्टरांना दाखवायची लक्षणे वेगळी असावीत. आणि यंत्रावर १८० किंवा त्याहून मोठा आकडा दिसला, पण वरच्यापैकी काहीच होत नाही, अशा वेळी काय करायचे हे तर ठळकपणे असावे: शांत बसा, पाच मिनिटांनी पुन्हा मोजा, आजची गोळी चुकली आहे का पाहा, जादा गोळी मनाने घेऊ नका, फोन करा आणि त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तपासून घ्या.

याला जोडून एक गंभीर तक्रार आहे. आकडा मोठा दिसला, की जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडून रक्तदाब झटक्यात उतरवण्याची पद्धत काही खासगी दवाखान्यांत अजून आहे. असा एकाएकी उतरवलेला रक्तदाब म्हाताऱ्या मेंदूला आणि हृदयाला धोक्याचा असतो, हे १९९०च्या दशकापासून जगभरच्या वैद्यकाला माहीत आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांनी सर्व सरकारी व खासगी डॉक्टरांना लेखी सूचना काढून ही पद्धत बंद करावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.

फोन कुणाला करायचा? १०४ आणि १०८ हे क्रमांक आहेत, ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे, मनाच्या ताणासाठी १४४१६ आहे. घाबरलेल्या माणसाला चार क्रमांक आठवत नाहीत. तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला असलेल्या डॉक्टरांचा किंवा प्रशिक्षित परिचारिकेचा एकच क्रमांक सर्व ज्येष्ठांच्या कार्डावर छापावा, आणि तिकडून मराठीत आणि मालवणीत बोलणारे माणूस भेटावे. पहिल्या घटनेतल्या गृहस्थांना त्या रात्री ‘कुशीवर वळलात तेव्हाच फिरते की सतत? हात-पाय नीट हलतात का? बोलता येते का?’ एवढे कुणी विचारले असते, तर कदाचित ती गाडी घाटात गेलीच नसती.

पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी मेंदूचा सी.टी. स्कॅन लागतो. जिल्ह्यात रात्री सी.टी. कुठे चालू असतो, इंजेक्शन कुठे उपलब्ध आहे, ओरोसच्या जिल्हा ठिकाणी जायचे की सीमेवरच्या गावांनी थेट गोव्यातल्या बांबोळीचे रुग्णालय गाठायचे, हे आजही रुग्णवाहिका निघाल्यावर फोनाफोनी करून ठरते. ही माहिती तालुकानिहाय लिहून प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावी आणि बदलली की बदलावी. प्राथमिक आरोग्य केंद्रातले ई.सी.जी. यंत्र चालू असावे, त्याचा कागद संपलेला नसावा आणि काढलेला आलेख वाचायला तज्ज्ञाकडे लगेच पाठवता यावा.

धोका टळल्यावर काय, हा प्रश्न कुणीच विचारत नाही. रुग्णालयातून ‘काही नाही, सगळे नॉर्मल आहे’ असे सांगून घरी पाठवलेला माणूस भीती घेऊन परत येतो. अशा प्रत्येक घटनेनंतर आठवड्याच्या आत आशाताई किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी घरी येऊन काय झाले होते, पुन्हा झाले तर काय करायचे, कोणती गोळी बदलली, हे समजावून सांगावे. या भेटीचा मोबदला आशाताईंना वेगळा मिळावा. त्यांच्यावर कामाचा बोजा आधीच फार आहे. फुकटात आणखी एक काम त्यांच्या माथी मारून आमची सोय करून घ्यावी, असे आम्हाला मुळीच वाटत नाही.

ताटातले मीठ

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. साधारण एक चहाचा चमचा. आमच्या ताटात सुकी मासळी, खारवलेले बांगडे, खाराची कैरी, लोणचे, पापड, पेजेवर मीठ. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा सुके हाच आधार. ‘मीठ कमी करा’ असा सल्ला ऐकून आम्ही मान डोलावतो आणि घरी येऊन तेच खातो, कारण दुसरे काय खायचे ते कुणी सांगितलेले नसते. सुके मासे किती वेळ पाण्यात ठेवून ते पाणी टाकून द्यावे, आमटीत मिठाऐवजी कोकम, तिरफळ, ओल्या खोबऱ्याने चव कशी आणावी, असे आमच्या चुलीपाशी चालेल असे सांगा. बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ सरसकट सुचवू नका. त्यात पोटॅशियम असते, आणि मूत्रपिंड अधू असणाऱ्यांना किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी घेणाऱ्यांना ते तपासणीशिवाय देणे धोक्याचे आहे.

प्रवास आणि पैसे

पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे, पासष्टीपुढे अर्धे तिकीट आहे. त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण गाडी दवाखान्याच्या वेळेला नसेल तर सवलतीचा उपयोग काय? असंसर्गजन्य आजारांचा दिवस बाजाराच्या दिवशी ठेवावा, म्हणजे गाड्या असतात. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २० मध्ये ज्येष्ठांसाठी वेगळी रांग सांगितली आहे. ती पाटीपुरती न राहता प्रत्यक्ष चालावी आणि तिथे बसायला बाके असावीत.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क झाले. सत्तरीपुढच्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून पाच लाखांच्या संरक्षणाचे आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. ते कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावरच कामाला येते. रक्तदाबाचा रुग्ण दाखल होण्याची वेळ येऊ नये म्हणून जो रोजचा खर्च करतो, म्हणजे बाहेरून आणलेल्या गोळ्या, क्रिएटिनिन-सोडियमची तपासणी, गाडीभाडे, तो त्याच्याच खिशातून जातो. या तपासण्या वर्षातून एकदा गावपातळीवर रक्त घेऊन व्हाव्यात, माणसाला तालुक्याला बोलावू नये. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून पासष्टीपुढच्या पात्र नागरिकांना तीन हजार रुपये मिळतात. चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची यांबरोबर दंडाला लावायचे प्रमाणित रक्तदाब मापक त्या यादीत स्पष्ट शब्दांत यावे, असा प्रस्ताव समाजकल्याण विभागाने शासनाकडे पाठवावा. मनगटावरचे यंत्र नको. ते हाताच्या स्थितीप्रमाणे चुकते.

आमची बाजू

संघाकडून आम्ही काय देऊ शकतो तेही लिहितो. प्रत्येक वाडीत दोन सदस्य रक्तदाब मोजायला शिकतील. शिकवणे आपल्या विभागाने करावे. संघाचे सभागृह महिन्यातून एक दिवस तपासणीसाठी मोकळे राहील, तिथे खुर्ची-टेबल आमचे. ज्यांना चालवत नाही त्यांच्या गोळ्या सही करून आम्ही नेऊन देऊ. मुंबईकर मुलांना आम्ही पत्र लिहिणार आहोत: आईबाबांना फोनवर ‘बरे आहात ना’ एवढेच न विचारता ‘गोळ्या किती शिल्लक आहेत’ हेही विचारा. पिशवी तपासणीची सुरुवात आमच्या कार्यकारिणीपासून व्हावी, याला सर्वांनी संमती दिली आहे.

या मागण्यांवर महिन्याभरात संयुक्त बैठक बोलवावी. तालुका आरोग्य अधिकारी, औषध भांडारप्रमुख आणि आशा गटप्रवर्तक यांना तिथे उपस्थित ठेवावे. कोणती मागणी मान्य, कोणती नाही आणि का नाही, हे लेखी मिळावे. १७ मे हा जागतिक उच्च रक्तदाब दिन. त्या दिवशी फलक आणि फेरीऐवजी आम्हाला उपकेंद्रनिहाय औषधसाठ्याचा तक्ता वाचून दाखवावा. पावसाळ्याचा ९० दिवसांचा साठा मात्र बैठकीवर अवलंबून ठेवू नये. त्याचे काम आजच सुरू व्हावे, कारण मृगाला कोणाची मंजुरी लागत नाही.

आपले नम्र,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सदस्य,
ज्येष्ठ नागरिक संघ

सोबत:
१. पावसात वाट तुटणाऱ्या वाड्यांची यादी
२. सदस्यांच्या सध्याच्या औषधांचा तक्ता (नावे वगळून)
३. पत्रकाचा कच्चा मसुदा, डॉक्टरांनी तपासून दुरुस्त करण्यासाठी

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी:
तालुका आरोग्य अधिकारी. वैद्यकीय अधीक्षक, ग्रामीण रुग्णालय. आगार व्यवस्थापक, एस.टी.; तालुक्यातील सर्व ग्रामपंचायती